नीलाबाईची शिदोरी

“खा म्हणते ना!”

“न्हाई खायची.”

“अगं, शेंगाची पोळी हाय. तुझ्यासाठी तूप लावून आणली.”

“तुझ्याच तोंडाला लाव तूप.”

नीलाबाईनं पोळी परत फडक्यावर ठेवली आणि कपाळाला हात लावला. उदगीरहून हत्तीबेटाच्या टेकडीला जाणाऱ्या वाटेवर, निम्म्यात, ही विहीर. पहाटे निघालेल्या दोघी बायका बाभळीखाली समोरासमोर बसल्या होत्या. जरा अंतर राखून बैलगाडी उभी होती, रिकामी. गाडीवान दगडोबा बैलांपुढं कडबा टाकत होता. आपल्याला काही ऐकू येत नाही असा थाट करून तो सगळं ऐकत होता.

ती रिकामी गाडी हेच नीलाबाईचं दुखणं.

तिचं माहेर मुखेडकडचं. बाप कापडाचं गाठोडं पाठीवर टाकून गावोगावचे बाजार करायचा आणि ही पोर त्याच्यामागं अनवाणी. लग्न होऊन उदगीरला आली ती थेट मोंढ्यातल्या आडत्याच्या घरात. निजामाचं राज्य, उदगीरला नवीनच आलेली रेल्वे, धान्याची पोती हैदराबादेकडं चाललेली. अशा भरल्या घरची बाई पायी दिसली, की लोक म्हणणार आडत बुडाली! विरूपाक्षअप्पांचं, म्हणजे नवऱ्याचं, हे ठाम मत. पण नीलाबाईच्या पायांना ते कधी पटलं नाही. येळवस, म्हणजे रानातल्या पूजेची अवस, झाली, रानं हिरवीगार डोलायला लागली, की तिच्या तळव्यांना मुंग्या यायच्या. एकटीनं जाणं शोभत नव्हतं. म्हणून मैत्रिणी. आणि मैत्रिणींना चालवायचं तर त्यांच्यापुढं खाऊ धरायचा, बैलाला पेंड दाखवावी तसा.

पहिल्या साली मास्तरांच्या प्रेमलाबाई आल्या. दुसऱ्याच्या हातचं चालत नाही म्हणून दुधात भिजवलेल्या दशम्या त्यांनी स्वतःच बांधून आणल्या. दशम्या नाक्यावरच संपल्या आणि बाई गाडीत चढल्या. पुढच्या साली शांतम्मा. तिनं चालता चालताच सगळे धपाटे उडवले, मग “पोट लई जड झालं गं” म्हणत गाडीत आडवी झाली, ती हत्तीबेट आल्यावरच उठली. तेव्हा विरूपाक्षअप्पा मिशीतल्या मिशीत हसले. आणि या खेपेला निघायच्या आधी म्हणाले, “यंदाबी गाडी मागं येईल. एकीचा जरी पाय गाडीला लागला, तर पुढच्या सालापासून मुकाट पडदा लावून गाडीतनं जायचं. चालायचं नाव काढायचं न्हाई.”

यंदा उरली फक्त दानम्मा. शेजारीण, गुडघ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट.

“दाने, ज्वारी बघ कशी निसवलीय!” नीलाबाई वाटेत म्हणाली होती.

“आमच्याबी रानात ज्वारीच असते. मोती न्हाई पिकत.”

“हवा तरी बघ किती गार!”

“घरीबी गारच होती. वाकळंत होते मी.”

एवढं सोसून नीलाबाईनं तिला विहिरीपर्यंत आणलं आणि आता ही उपाशी बसून राहिली! फडक्यावर तिळाची भाकरी होती, कारळाची चटणी होती, गुळाचा खडा होता. दानम्मानं कशालाही हात लावला नाही.

“बरं, पाणी तरी पी.”

दानम्मानं तोंड फिरवलं. तेव्हा कुठं नीलाबाईच्या ध्यानात आलं, की बसल्यापासून ही पदर गळ्याशी मुठीत धरून आहे.

“गळ्याला काय झालं? पदर सोड बघू.”

मूठ सैल झाली. गळ्यात चांदीची डबी नव्हती. डबीतलं इष्टलिंग नव्हतं, लिंगायतानं अंगावेगळं करू नये ते.

“कुठंय?”

“घरी, भिंतीतल्या देवळीत. बेलाच्या पानावर.”

“विसरलीस?”

“मी विसरले? मी?” दानम्मा उसळली. “आंघोळ करून, इबूत लावून, लिंग हातावर घेऊन बसले होते. अन् तू रस्त्यातनं बोंबलायलीस, ‘दाने, उजाडलं! दाने, चल की!’ शेजारपाजार उठला. ठेवलं तसंच अन् निघाले. पूजा अर्धी राहिली माझी.”

लिंगाची पूजा झाल्याशिवाय अन्न नाही, पाणी नाही. आवंढासुद्धा गिळू नये म्हणतात. नीलाबाईचा हात आपसूक स्वतःच्या गळ्यातल्या डबीकडं गेला आणि तसाच खाली आला. उसनी पोळी देता येते. हे देता येत नाही.

“मग गावाबाहेरच्या ओढ्यापाशीच सांगायचं होतंस, बाई! तिथंच परत फिरलो असतो.”

“अन् ह्या दगडोबानं घरी जाऊन सांगितलं असतं, की बायका पहिल्याच ओढ्यातनं फिरल्या. मग तुझ्या अप्पांनी ढोल वाजवला असता.”

राग कुणावर काढावा ते नीलाबाईला कळेना. तिनं भाकऱ्या भराभर फडक्यात कोंबल्या.

“तू तरी खा की,” दानम्मा म्हणाली.

“कशी खाऊ? तुझ्या वाळल्या तोंडाकडं बघत?”

“मी कुठं बघ म्हणायले? तिकडं तोंड करून खा.”

“गप बस!”

दगडोबा खाकरला. “अक्का, गाडी जुंपू का? बैल ताजे हायत. दानम्मा अव्वांना पळवत नेतो घरला.”

नीलाबाईनं गाडीकडं पाहिलं. गाडीत जाड गोधडी अंथरलेली होती. विरूपाक्षअप्पांनी पहाटे स्वतः अंथरली होती ती, हसत हसत.

“जुंप,” ती म्हणाली. “दाने, जा, बस. पुढच्या सालाचं पुढं बघू.”

“अन् तुझं चालणं?”

“खड्ड्यात गेलं माझं चालणं! पाणी बंद, गुडघे सुजलेत, वर उन्हं तापायलीत. मराया आणलं का मी तुला? बस म्हणते ना!”

दानम्मा गुडघ्यावर हात रेटून उठली. लुगडं झटकलं, ओचा घट्ट खोचला आणि लंगडत गाडीपाशी गेली. दगडोबानं गोधडी सारखी केली, जू धरून वाट पाहिली. दानम्मानं गोधडीवर एकदा नजर टाकली आणि गाडीला वळसा घालून उदगीरच्या रस्त्याला लागली.

“दाने!” नीलाबाई ओरडली. “गाडीत बसतीस का न्हाई?”

दानम्मानं मागं वळून पाहिलं नाही. लंगडत लंगडत ती ज्वारीच्या आड गेली.