श्वेंकच्या गाडीचं नवं वायरिंग

लोटे हेफेले गाड्यांची फक्त वीज बघायची. क्लच, ब्रेक असलं काही घेऊन कोणी आलं की ती त्याला सरळ खालच्या गावच्या गॅरेजचा रस्ता दाखवायची. तेल सांडणारी कामं मी करत नाही, माझे कपडे मलाच धुवावे लागतात, असं तिचं म्हणणं. पण वायरिंग असेल तर जर्मनीतल्या श्वाबियाच्या त्या डोंगराळ मुलखात तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता, आणि तिच्यासारखी जीभही. एकदा पाद्रीबुवांच्या गाडीचा इंडिकेटर दुरुस्त करताना तिनं तो हळूच वायपरला जोडून दिला. बुवा आठवडाभर प्रत्येक वळणावर काच पुसत फिरले. तक्रार घेऊन आले तेव्हा तिनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की गाडीला वाटतंय तुम्हाला पुढचं नीट दिसत नाही. लग्न तिनं केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, न चालणाऱ्या वस्तू माझ्या घरात आधीच पुष्कळ पडल्यात.

ऑयगेन श्वेंकपुढे मात्र ही जीभ जरा अडखळायची. श्वेंकनं सारा जन्म जिल्ह्याची बस चालवली. लोटे दर गुरुवारी त्याच्या बसनं शहरात जायची, वायरींना गुंडाळायची कापडी पट्टी आणायला. अंगणात तिच्या स्वतःच्या चालू गाड्या उभ्या असायच्या आणि कपाटात पट्ट्यांची चळत लागलेली. तरी जायची. ड्रायव्हरच्या मागचं बाक तिचं ठरलेलं. तिला उशीर झाला तर श्वेंक बस थांबवून ठेवायचा, ती चढली की आरशात बघून मान हलवायचा. एवढाच काय तो त्यांचा संसार.

मग तो निवृत्त झाला आणि साऱ्या गावाला तोंडात बोट घालायला लावून त्यानं एक जुनीपुराणी, लाल, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. ती तो बसच्याच वेगानं चालवायचा. मागचे ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवून पुढे जायचे. या गाडीचं काही ना काही सतत बिघडायचं. कधी मागचा दिवा सैल, कधी आतला. दिवा आपण होऊन सैल होत नाही, हे लोटेला कळत होतं. ती तो पिळून घट्ट करायची आणि श्वेंक पुढे काही बोलतो का याची वाट बघत उभी राहायची. श्वेंक आभार मानायचा, टोपी घालायचा आणि जायचा.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ती लाल गाडी ट्रॅक्टरला बांधून आली. लोटेनं बॉनेट उघडलं. इंजिनावरून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्याचा कुरतडून चोथा झाला होता.

"मार्डर," ती म्हणाली.

मार्डर म्हणजे मांजराएवढा, मुंगसासारखा लांबुळका प्राणी. थंडीत गरम इंजिनावर येऊन झोपतो. त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, की तो नुसता झोपला तर सहसा वायरींना तोंड लावत नाही. दुसऱ्या मार्डरचा वास आला की मात्र पिसाळतो. आणि मार्डर काही आपली हद्द सोडून हिंडत नाही. म्हणजे गाडीच दुसऱ्याच्या हद्दीत राहून आलेली असते. लोटेच्या हे लगेच ध्यानात आलं.

नेमक्या तेव्हाच बेकरीवाल्या गान्सलोसर बाई तिच्याकडे व्हॅनचा दिवा बघून घ्यायला आल्या होत्या. त्या नसत्या तर लोटे कदाचित गप्प बसली असती.

"श्वेंक, तुमची गाडी दोन ठिकाणी मुक्काम करते."

"तसं काही नाही. कधीतरी एका कोपऱ्यावर उभी असते."

"कुठल्या कोपऱ्यावर?"

"असाच एक कोपरा," श्वेंक म्हणाला आणि त्याचे कान गाडीच्या रंगाचे झाले.

गान्सलोसर बाईंना आणखी काय हवं होतं? संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. हा कोपरा कोणाच्या दाराशी, यावर बेकरीत चर्चा झडल्या. चर्चच्या गायकवृंदातली विधवा अनेरोझे सर्वांच्या पसंतीस उतरली, कारण तिच्या हातचं बटाट्याचं सॅलड श्वेंकनं एकदा दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं. लोटेनं या चर्चेत सगळ्यांपेक्षा जोरात हसून भाग घेतला. घरी आल्यावर मात्र तिनं वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं. आपण त्या सॅलडवर जळतोय हे तिला पक्कं कळलं आणि या वयात जळतोय याचा आणखीनच राग आला.

इतक्या जुन्या गाडीचं तयार वायरिंग मिळणं शक्य नव्हतं. लोटेनं कुरतडलेला जुडगा सोडवून काढला, एका जुन्या दारावर पसरला आणि जिथं जिथं त्याला फाटा फुटत होता तिथं तिथं खिळे ठोकले. मग त्या खिळ्यांमधून नव्या वायरी एकेक करून ओढल्या, जुन्याचा जो रंग तोच नव्याचा. टोकं बसवली, कापडी पट्टी गुंडाळली. राग कितीही असला तरी वाईट वायरिंग तिच्या हातून होणं नव्हतं. फक्त तिनं एक वायर जास्तीची टाकली.

ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून तिनं श्वेंकची एक सवय पाठ केली होती. निघताना आधी दिवे, मग किल्ली. थांबताना आधी किल्ली, मग दिवे. भर उन्हातसुद्धा हा क्रम चुकायचा नाही, आणि लाल गाडीतही तो तस्साच चालू होता. इंजिन चालू असताना श्वेंक दिवे मालवेल तर एकाच कारणासाठी: कोणाच्या तरी दाराशी गुपचूप जायचं असेल तर. लोटेची वायर त्या क्षणाची वाट बघणार होती. मग हॉर्न वाजणार होता आणि किल्ली काढली तरी थांबणार नव्हता. वाजू दे अनेरोझेच्या खिडकीखाली, साऱ्या गायकवृंदाला कळू दे, असं म्हणत तिनं बॉनेट आपटलं.

श्वेंक गाडी घ्यायला आला. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

"इंजिन धुऊन वास घालवलाय," लोटे म्हणाली. "आता खुशाल जा तुमच्या कोपऱ्यावर."

श्वेंकनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आभार मानले, टोपी घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता लोटे मसुराची उसळ आणि शेवया घेऊन जेवायला बसली होती. हॉर्न वाजला. पहिल्यांदा तिला समाधान वाटलं. मग लक्षात आलं, की अनेरोझे राहते त्या वरच्या आळीतला हॉर्न इतक्या जोरात ऐकू यायचा नाही. समोरची ताटली थरथरत होती.

ती टॉर्च घेऊन बाहेर धावली. तिच्या लाकडांच्या छपरामागे, जिथून तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते तिथं, लाल गाडी ठणाणा करत उभी होती. त्या छपरात एक मार्डर वर्षानुवर्षं राहत होता. साऱ्या गावाचे कोपरे तिनं मनात धुंडाळले होते, फक्त स्वतःचा सोडून.

श्वेंक बॉनेट उघडून जी वायर दिसेल ती चाचपत होता. समोर लोटे दिसताच त्याचे हात थांबले. लोटेनं आत हात घालून जास्तीची वायर चिमटीत धरली. ओढली की हॉर्न बंद. तिनं ओढली नाही.

"इथं काय करताय?" ती ओरडली.

श्वेंकचे ओठ हलले.

"ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला."

"मी रोज येतो," श्वेंक ओरडला. पलीकडे गान्सलोसर बाईंची खिडकी उघडली. "गाडी इथं लावतो. शेताच्या वाटेनं फेऱ्या मारतो. तुमचा दिवा मालवला की घरी जातो."

"दार का नाही वाजवत?"

"वाजवून बोलू काय?"

"जे आत्ता बोलाल ते."

श्वेंकनं छाती भरून श्वास घेतला. त्याच वेळी ऐकायला लोटे पुढे झुकली आणि वायर निघून हातात आली. हॉर्न थांबला. श्वेंक थांबला नाही.

"गुरुवारची बस तुमच्यासाठीच चालवत होतो मी, लोटे!"

ते वाक्य चर्चच्या भिंतीवर आपटून परत आलं. आळीतल्या आणखी दोन खिडक्या उघडल्या. लोटेला हसू यायला हवं होतं, पण तिचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कोणाकडे जाता," ती हळूच म्हणाली. "म्हणून हा हॉर्न मीच असा बसवला."

श्वेंकनं थोडा विचार केला. "म्हणजे दुसरीकडे गेलो असतो तर तिथं वाजला असता."

"हो. आणि मी इथं जेवत बसले असते. मला ऐकूसुद्धा आला नसता."

श्वेंक गाडीत बसून किल्लीला हात घालणार, तोच लोटेनं मान हलवली, खिडक्यांतल्या बायकांना आणखी काही ऐकवायला नको म्हणून. मग दोघांनी मिळून गाडी ढकलत लोटेच्या फाटकाच्या आत नेली.