कौसल्याची जोडवी

वाटूरच्या अंगणवाडीतली कौसल्या एका जागी कधी बसायची नाही. मुलांना खिचडी वाढतानाही तिचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर. शहाण्णवच्या उन्हाळ्यात मात्र तिची चलबिचल फारच वाढली, आणि कारण तिच्या पायात होतं.

तिची माहेरची चांदीची जोडवी नवऱ्याने, बद्रीनाथने, दिवाळीआधी उजळून आणायला म्हणून जालन्याला नेली होती. परत आली ती लखलखीत. पण हल्ली न्हाणीतून आलं की बोटांवर तांबूस वण दिसायचे. बोअरचं पाणीच खराब आहे, बद्रीनाथ म्हणाला. तिने चिंच लावून बोटं घासली. विषय मिटला, मन मिटलं नाही.

त्या सकाळी ती मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन आली. फरशीवर खडूने दोन चौकोन आखले. चिकटेल ते डावीकडे, न चिकटेल ते उजवीकडे. मुलांनी घरून खिळे, बटणं, बिजागरी, चिंचोके आणले होते. एकाने स्टीलची वाटी आणली होती. ती चिकटेना म्हणून तो रुसला. दिसण्यावर जायचं नाही, लावून बघायचं, असं कौसल्याने त्याला समजावलं. बोलता बोलता तिची नजर स्वतःच्याच जोडव्यांवर गेली.

तिने पाय साडीत ओढून घेतले. पण हाती चुंबक आलं की पोरं थांबतात थोडीच. खुर्चीचा पाय, दाराची कडी करत करत उषा रांगत तिच्यापर्यंत आली. साडीच्या काठाखाली टक् झालं.

"बाई, तुमचं बी चिकटलं."

सगळी पोरं गोळा झाली. प्रत्येकाला लावून बघायचं होतं. कौसल्या हलली नाही. एवढा वेळ ती पहिल्यांदाच एका जागी बसली असेल.

"मंग डावीकडं ठेवा की," उषा म्हणाली.

कौसल्याने वाकून एक जोडवं काढलं, मग दुसरं. चुलीपाशी तांदूळ निवडणाऱ्या मदतनीस मालनबाई धास्तावल्या.

"सवाशिणीनं असं काढू न्हाई, कौसल्या. नवऱ्याच्या नावाचं ऱ्हातं ते."

"लोखंड हाये, मावशी," कौसल्या म्हणाली आणि दोन्ही जोडवी बिजागरीशेजारी ठेवली.

उषा चुंबक घेऊन आता चुलीकडे निघाली होती. मालनबाईंनी सूप बाजूला सारलं आणि गपकन पाय लुगड्याखाली घेतले.