चूलबंद पत्रिका

मी तिसरी शिकलो आणि त्या तिसरीवर पन्नास वर्षं घर चालवलं. बायको शाळेची पायरी चढलेली नव्हती. त्यामुळे बसची पाटी, औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका, सगळं मीच वाचायचो. ती पदराला हात पुसत समोर उभी राहायची. मी चष्मा नीट बसवून सावकाश वाचायचो. तेवढा वेळ ती माझ्या तोंडाकडे बघायची. ते मला आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मग गावच्या शाळेत नव्या मॅडम आल्या. रोज जळगावहून, पिंप्राळ्यातून, स्कूटीवर येतात. काम पोरांना शिकवायचं. पण मी ओट्यावर बसून बघत असतो ना. पोरांच्या आधी खिचडी चाखणार त्याच, डॉक्टर तपासायला आले की रांग लावणार त्याच, आणि सुट्टीच्या दिवशी मतदारयादी घेऊन दारोदार फिरणारही त्याच. कोण वारलं, कोण सासरी गेलं, हे गाव आधी मला विचारायचं. आता मॅडमांच्या कागदात बघतात.

एक दिवस त्या निरक्षरांची यादी घेऊन आमच्या ओट्याशी आल्या.

"आबा, तुमचं नाव लिहू?"

"माझं कशाला? मी शिकलेला माणूस आहे."

"आणि अक्कांचं?"

"तिला काय गरज? मी आहे ना वाचायला."

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "मॅडम, माले बी शिकनं शे. लिखी ल्या."

शाळा सुटल्यावर चार बाया वर्गात बसू लागल्या, त्यात आमची एक. घरात 'मॅडम म्हणतात' सुरू झालं. मॅडम म्हणतात पाणी उकळा. मॅडम म्हणतात गोळ्यांची तारीख बघा. मी तेच सांगत आलो होतो, पण माझं कोण ऐकतं.

शेवटी मी मॅडमांना शाळेच्या फाटकात अडवलं. "तुमचं काम पोरांना शिकवायचं. त्यात म्हाताऱ्या कुठून आल्या?"

त्या हसल्या. "आबा, मीही साहेबांना हेच विचारलं होतं. वरून कागद आला की करावं लागतं." स्कूटी चालू करता करता म्हणाल्या, "पण सगळ्या जादा कामांत हे एकच मला आवडतं. अक्का तर फार छान शिकतात."

पन्नास वर्षांत मी तिला कधी 'छान' म्हटलं नव्हतं. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं भाकरी झाकून ठेवली आणि पाटी घेऊन बसली.

उन्हाळ्यात धुळ्याहून पत्रिका आली, भाच्याच्या मुलीच्या लग्नाची. आमच्याकडे पत्रिकेवर नावापुढे हातानं लिहितात. नुसतं नाव असलं तर एकानं जायचं. 'चूलबंद' लिहिलं असलं तर घरात चूल पेटवायची नाही, बठ्ठ्यांनी, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी, जेवायला यायचं. बरीच वर्षं मी पत्रिका वाचून तिला सांगायचो, एकट्याचं आमंत्रण आहे. अर्ध्याहून जास्त चूलबंद असायच्या. पण ती बायकांत जाऊन बसली की उठायचं नाव घेत नाही, आणि एकट्याला मोकळं वाटतं.

सवयीनं याही वेळी म्हणालो, "एकट्याचंच आहे."

तिनं पत्रिका माझ्या हातातून घेतली. बोट ठेवून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मला वाटलं, आता आवाज चढवेल. पण हळूच म्हणाली, "मांगल्या बठ्ठ्या बी अश्याच व्हत्यात का?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. जुन्या पत्रिका खुंटीवर तारेत ओवून ठेवलेल्या होत्या, मीच ओवलेल्या.

"काही होत्या," मी म्हणालो.

तिनं तार खाली काढली आणि उंबऱ्यात बसून एकेक पत्रिका उलटायला लागली. चूलबंद असली की उजवीकडे ठेवायची. दिवेलागण झाली तरी चूल पेटली नाही. मी समोर उभा होतो. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती.

एका पत्रिकेवरची शाई पसरली होती. तिनं ती दिव्याजवळ धरली, तरी अक्षर लागेना.

"दे इकडे, मी सांगतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. सकाय मॅडमले इचारसू."