स्वरयंत्रापाशी अंधार

“पेट स्कॅनआधी ईरा तासभर रडत होती,” असे माझा मुलगा सर्वांना सांगतो. हे असत्य आहे. किरणोत्सारी साखरेचे इंजेक्शन देऊन परिचारिकेने माझ्या सात वर्षांच्या नातीला बजावले होते, “बाळा, आता तासभर बोलायचं नाही. जो स्नायू राबेल, तो चित्रात उजळेल.”

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर तिचा देह दाखवला. सतत राबणारा मेंदू तेजाळला होता. मानेत आणि छातीत लिम्फोमा या कर्करोगाच्या गाठी निखाऱ्यांसारख्या फुलल्या होत्या. कोणापुढे न वाकलेली माझी मान त्या प्रकाशापुढे लवली. त्याने लेकराचा आजार दाखवला, तसे तिचे मौनही टिपले.

मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्हाला कमी ऐकू येतं.”

येत असेल. परंतु त्या चित्रात ईराच्या स्वरयंत्रापाशी निखळ अंधार होता.