भुशातला थंड स्पर्श
ओल्या भुशाचा वास आला की मला घाटंजीजवळची आमची शाळा आठवते. मुलांना घरची शेती जमावी म्हणून तिथं आम्ही कोंबड्या पाळल्या होत्या. त्या सकाळी कोंबड्या खुराड्याच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं गप्प उभ्या होत्या. आठवीतल्या एका मुलीनं नेहमीसारखा अंड्यांसाठी भुशाच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ती थबकली. माझ्याकडे न बघताच हळू म्हणाली, "मॅडम, हे अंडं नाही. थंडं लागून राह्यलं. हालते हे." "हात काढू का?" तिनं विचारलं. मी मानेनंच हो म्हटलं. तिनं हळूहळू हात मागे घेतला, आणि त्यामागोमाग भुशातून नागाचा फणा वर आला. मी तिला बाहेर ओढलं, उन्हात तिचं एकेक बोट तपासलं. कुठंच खूण नव्हती. "मले काही नाही झालं," ती म्हणाली, "तुम्ही कायले थरथरून राह्यल्या?" संध्याकाळी तिच्या घरी सांगायला गेले, तर मलाच रडू कोसळलं. तिच्या आईनं आधी मला पाणी दिलं. मी आता निवृत्त झाले, पण त्या घरात मला एकही शिवी का मिळाली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.