धाकटीचं ‘नाही’

१४ मे १९६७, रविवार. सकाळी ढगाळ, मग ऊन. बिशप पहिल्या गाडीने आले. दृढीकरणाची उपासना झाली. धाकटी बाकावरच बसून राहिली. पुढचं रात्री लिहीन.

एवढं लिहून मी स्वयंपाकाला उठले होते. आता आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली, तरी नवी माणसं विचारतात, पाळकसाहेब कसे होते हो?

साधे होते. चर्चचं बाक मोडलं की स्वतः खिळे ठोकायचे, खिळ्याबरोबर अंगठाही. उपदेश स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायचे, कारण अभ्यासाची खोली त्यांनी माझ्या अंथरुणाला खिळलेल्या आईला दिली होती. शनिवारी मुलांचे बूट पुसायला बसले की मी समजायची, उद्याचा उपदेश अडलाय. कुणाकडे आजारपण असलं की हे तिथे जाऊन फार बोलत नसत. भांडी घासून येत.

“घरची भांडी मात्र माझ्याच नशिबी,” मी म्हणायची.

“तू आजारी पड, मग बघ,” हे म्हणत.

एकाच बाबतीत हट्टी होते. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाचा होतो, त्याच्या वतीने आईबाप बोलतात. मूल जाणतं झालं की दृढीकरणाच्या दिवशी ते स्वतः ‘हो’ म्हणतं आणि बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. त्याआधी हे प्रत्येक मुलाला एकटं बसवून विचारत, “तुला कुणी पाठवलं?” ह्यांना त्या वयात काकांनी पाठवलं होतं. हो म्हण आणि मोकळा हो, म्हणाले होते.

आमच्या धाकट्या लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आईने फ्रॉक शिवलाय म्हणून आले. मला अजून खरं वाटत नाही, पप्पा.”

ह्यांनी यादीतून तिचं नाव काढलं. नन्सच्या शाळेत शिकलेल्या बारीक टाक्यांनी मी शिवलेला पांढरा फ्रॉक हँगरवरच राहिला.

त्या वर्षी ह्यांची नेमणूक संपत होती. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी बिशपांकडे शिफारस केली तर राहायचं, नाहीतर घर रिकामं करायचं. पंचांचे प्रमुख होते औषधांच्या दुकानाचे मालक. ते आठवड्याभरात दारात हजर.

“साहेब, पाळकाचीच पोर मागे? लोक म्हणतील, दिव्याखाली अंधार.”

“अंधार आहे हे तिने सांगितलं तरी.”

“अहो, ‘हो’ म्हणायला काय जातं? म्हणायला लावा आणि मोकळे व्हा.”

“मला असंच मोकळं केलं होतं.”

“मग झालात की पाळक!”

“झालो. पण तो ‘हो’ खरा व्हायला अर्धं आयुष्य गेलं.”

“मग बिशपांसमोर तुमची शिफारस मी कोणत्या तोंडाने करू?”

“नका करू,” हे म्हणाले आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले.

मी विचारलं, “आईला या अवस्थेत कुठे हलवायचं?”

“धाकटीला विचारलं मी. विचारून झाल्यावर उत्तर बदल म्हणून कसं सांगू?”

मी ट्रंका झटकून ठेवल्या.

रविवारी बिशपांनी मुलांना पुढे बोलावलं. औषधवाल्यांची मुलगी, धाकटीची मैत्रीण, रांगेतून निघाली, अर्ध्या वाटेत वळली आणि येऊन आमच्या धाकटीशेजारी बसली. बाजाच्या पेटीवरच्या बाईंनी तेच कडवं पुन्हा वाजवलं. औषधवाल्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. उपासना सुटल्यावर मुलगी घरी गेलीच नाही. आमच्या मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात आली.

संध्याकाळी आम्ही बिशपांना जेवायला वाढत होतो, तेवढ्यात औषधवाले आले.

“झालं समाधान? तुमचा अंधार आला आमच्या घरात!”

“मी तिला काही शिकवलेलं नाही,” हे म्हणाले.

“मला साहेबांनी विचारलं तेव्हा मी ‘माझी मीच आले’ म्हटलं होतं, पप्पा,” मुलगी म्हणाली. “तुमच्या भीतीने.”

“आणि आज भीती कुठे गेली?”

“आहे ना. म्हणून तर इथे आले.”

बिशप खोकले. बहुतेक हसू दाबत असावेत. ह्यांनी पायाने खुर्ची सरकवली. “बसा. सूप गार होतंय.”

औषधवाले उभेच राहिले, मग बसले. पाव मोडला, पण तोंडात घातला नाही.

“शिफारशीचं आज बोलणार होतात ना?” बिशपांनी विचारलं.

औषधवाल्यांनी लेकीकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. “ह्यांनाच राहू द्या. दुसरा कुणी आणला तरी माझी कार्टी काही ‘हो’ म्हणायची नाही. निदान हा माणूस मला खोटं तरी सांगणार नाही.”

आम्ही त्याच घरात राहिलो. आई तिथेच गेली, पुढे हेही. धाकटीला ह्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तिने पुढे काय केलं ते तिचं तिने सांगावं.

त्या रात्री आईला औषध देऊन मी डायरी पुन्हा उघडली. शेवटी लिहिलंय: जेवायला दोन माणसं वाढली. सूप कमी पडलं, पाणी आणि मीठ घालून पुरवलं.