व्हिन्सेंटला न विचारता

व्हिन्सेंट तुस्कानोचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की प्रल्हादने मित्राबद्दल चांगलं लिहिता लिहिता खोड काढली. माणूस चांगलाच आहे. तीच तर अडचण आहे.

कामणजवळ प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कंपनीत आम्ही दोघं शेजारच्या मशीनवर नऊ वर्षं उभे होतो. मी माणिकपूरच्या वन रूम किचनमधला. गाव राजापूरकडे, तिथं आता फक्त घरपट्टी भरायला जायचं. तो वटारचा. घरची वाडी, राजेळी केळी, सोनचाफा, पाण्याने भरलेली विहीर. पिशवी भरून केळी आणायचा आणि अख्ख्या शिफ्टला वाटायचा. मी दोन खायचो आणि मनात म्हणायचो, एवढं असताना हा इथं बादल्या कशाला काढतो?

एकदा विचारलंच. म्हणाला, "वाडी चार भावांची हाय रे. माझ्या वाटनीला काय येतंय? नोकरीतलं मिळेल तेच आपलं."

पगाराची स्लिप आली की आम्ही शेवटचा आकडा बघून ती खिशात कोंबायचो. हा मधले आकडे वाचायचा. फंड कापला तो भरला का, फुकट उपचाराच्या ईएसआय कार्डावर बायकोचं, रेजिनाचं, नाव का आलं नाही, असं सुपरवायझरला विचारायचा, तेही हसत हसत, म्हणजे त्या बिचाऱ्याला रागावताही येऊ नये. एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये कामगारांसाठी माहितीची सभा झाली. तिथून हा वहीभर लिहून आला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमचा मास्तर झाला. फंड वेगळा, पेन्शन वेगळी. दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नपासून मरेपर्यंत पेन्शन, आपल्यामागे बायकोला; पण पेन्शनचे पैसे मधेच काढले की भरलेली वर्षं पुसली. मी जांभई दिली. त्याला दिसेल अशी दिली.

मग माझ्या बायकोच्या, स्वप्नाच्या, पित्ताशयात खडे निघाले. खाजगी दवाखान्यात ऑपरेशन केलं आणि तिच्या पाटल्या मोडल्या. पुढच्या वर्षी रेजिनाचं ऑपरेशन झालं. मी सफरचंदं घेऊन वटारला भेटायला गेलो. ती खाटेवर बसून कौतुकाने सांगत होती, "सगळं ईएसआयवर झालं, भाऊ. एक रुपया नाय लागला." तसलंच कार्ड माझ्याकडे होतं, घरी शोकेसच्या खणात, मिक्सरच्या वॉरंटीखाली. स्वप्नाचं नावही होतं त्यावर. वापरायचं कसं, हे व्हिन्सेंटला विचारता आलं असतं. त्याचं मशीन माझ्यापासून चार पावलांवर होतं. खरं सांगतो, ती सफरचंदं पिशवीत घालून परत न्यावीशी वाटली.

कंपनीने आमची लाइन बंद केली तेव्हा त्याला अठ्ठावन्न पूर्ण झाली होती. आधीच्या दोन नोकऱ्यांमधली वर्षंही त्याने कागद भरून पुढे जोडून घेतली होती, त्यामुळे पेन्शन लगेच सुरू झाली. पेढे घेऊन आला. रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती, औषधं आणि लाइट बिल भागेल एवढी. पण ती दर महिन्याला येणार होती, आणि त्याला येणार होती. जाताना दारात थांबला. "प्रल्हाद, तुझ्या फंडाचं काय करायच्या आधी मला विचार. विसरू नको."

मी विसरलो नाही, हेच वाईट.

कंपनी सुटली की दोन महिने थांबून फंड काढायचा, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडमागे एक झेरॉक्सवाला आहे, तो सगळ्यांचे फॉर्म भरतो. "दोन्ही काढायचे ना, काका? फंड आणि पेन्शन?" तो विचारतो आणि सगळे हो म्हणतात. त्या दिवशी मी क्षणभर अडखळलो. जेवणाच्या सुट्टीतला तो वर्ग आठवला. व्हिन्सेंटला फोन लावावा असं वाटलं. मग डोळ्यांसमोर आलं की तो चष्मा काढील, पुसेल, नाकावर चढवील आणि म्हणेल, "हे बघ, मी तेव्हाच सांगितलं होतं." माझी नऊ वर्षं दोन महिने झाले होते. दहा भरलीच नाहीत तर पेन्शन कसली? मी म्हणालो, "दोन्ही." पैसे आले. स्वप्नाला सांगितलं, फंड आला. बाथरूमला नवी लादी बसली.

तीन आठवड्यांनी व्हिन्सेंट आपणहून घरी आला. "साडेनऊ झाली की दहा धरतात, प्रल्हाद! मी ऑफिसात जाऊन विचारून आलो. तुला फक्त चार महिने कमी. वालीवला एका कंपनीत बोललोय, पॅकिंगचं काम हाय, फंड पहिल्या दिवसापासून कापतात. सोमवारी जा."

स्वप्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. "व्हिन्सेंटभाऊ, आमच्यासाठी किती करता हो!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी विचारलं, "किती वाजता?"

चार महिने मी खोक्यांना पट्ट्या चिकटवल्या. स्वप्नाने बिल्डिंगभर सांगितलं की ह्यांचे चार महिने भरले की पुढे दोन महिन्यांत अठ्ठावन्न होतील आणि पेन्शन सुरू होईल. ज्या एक तारखेला व्हिन्सेंटला स्वतःची पेन्शन जमा झाल्याचा मेसेज यायचा, त्याच दिवशी तो फोन करायचा, "आता तीनच राहिले." मग दोन. मग एक. त्या दिवसांत मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि त्याचा एकही अपराध सापडेना.

गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो आला. सोफ्यावर बसला, चष्मा पुसून चढवला, फोन काढला. "तुझा नंबर टाकलाय. ओटीपी येईल, तो सांग. एकदा खातं बघू, साडेनऊ झाले का." स्वप्ना आत चहा ठेवत होती. माझा फोन वाजला. सहा आकडे दिसत होते.

"सांग ना."

"नको उघडू," मी म्हणालो. "त्यात चारच महिने आहेत."

त्याने फोन खाली ठेवला. "पेन्शनचे पन काढलेस? कधी?"

"तू वालीवचं सांगायला आलास, त्याच्या तीन आठवडे आधी."

"अरे, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर पेन्शन तुझ्यामुळे मिळाली असती."

तो चष्मा काढून हातात धरून बसला. स्वप्ना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्हिन्सेंटभाऊ," तिने त्याला विचारलं, "आता काही होईल का हो?"